प्रवेगकातला इलेक्ट्रॉनचा पुंजका (बंच) काही पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही लाख-कोटीव्या भागांत, निघून जातो, मग त्याची लांबी मोजणारा एवढा वेगवान कॅमेरा असतो का?

एवढं वेगवान शटर साध्या कॅमेऱ्यात नसतं, आणि ते लागतही नाही. वेळेची रेघ करायची आणि ती रेघ साध्या कॅमेऱ्यानं मोजायची, एवढीच युक्ती आहे.

रांगोळीची चिमूट एका जागी सोडली तर ठिपका पडतो, हात सरकवत सोडली तर रेघ. हाताचा वेग ठाऊक असेल, तर रेघेवरून चिमूट किती वेळ सुटत होती ते कळतं. स्ट्रीक कॅमेरा हेच करतो. इंदूरच्या इंडस-2 या गोल प्रवेगकात इलेक्ट्रॉन वळताना प्रकाश फेकतात. तो बारीक फटीतून फोटोकॅथोडवर, म्हणजे प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या पृष्ठभागावर, पडतो. तिथून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना झपाट्यानं बदलतं व्होल्टेज बाजूला ओढतं: आधीचे एका टोकाला, मागचे दुसऱ्या, आणि पडद्यावर रेघ उमटते. इंडस-2 चा घेर 172.5 मीटर, म्हणजे एकच बंच सेकंदाला 17 लाखांहून जास्त फेऱ्या मारतो. म्हणून व्होल्टेज आरएफशी (बंचना ऊर्जा देणाऱ्या रेडिओ लहरींशी) जुळवून घेतलं, की प्रत्येक फेरीचा प्रकाश त्याच रेघेवर साठत जातो.

इथे एक ठेच मला लागली आहे. पहिल्याच मोजणीत बंच हिशेबापेक्षा बराच लांब दिसला. दोष प्रवेगकाचा नव्हता, प्रकाश जास्त होता. कॅमेऱ्याच्या नळीतले इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलून रेघ फुगवत होते. तेव्हापासून मी फिल्टर लावून प्रकाश निम्मा करतो आणि पुन्हा मोजतो. लांबी बदलली, तर आधीचा आकडा सोडून द्यायचा.

फेमटोसेकंदांसाठी (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) मात्र हा कॅमेरा पुरत नाही. तिथे खुद्द बीमच, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोतच, सरकवतात, आणि मला या विषयातलं सगळ्यात देखणं काम हेच वाटतं. बंच एका आरएफ पोकळीतून, म्हणजे रेडिओ लहरींनी भरलेल्या धातूच्या पोकळीतून, नेतात. वेळ अशी साधतात, की मधल्या इलेक्ट्रॉनांना धक्का बसतच नाही, पुढचे वर जातात, मागचे खाली. पुढच्या पडद्यावर बंच उभा पसरलेला दिसतो. अशी पोकळी अमेरिकेतल्या स्लॅक या प्रवेगक प्रयोगशाळेत 1960 च्या दशकातच बनली होती. आज तिथल्या एलसीएलएस एक्स-रे लेझरवर 11.424 गिगाहर्ट्झची पोकळी जवळपास एका फेमटोसेकंदापर्यंतचा फरक वेगळा दाखवते. शिवाय चुंबकानं बंच त्याला काटकोनी दिशेत ऊर्जेनुसार पसरवला, की बंचच्या नेमक्या कुठल्या भागानं ऊर्जा देऊन लेझर पेटवला, तेही त्याच चित्रात दिसतं.

मोजपट्टीही यातच मिळते. आरएफची फेज (लहर तिच्या आवर्तनात कुठवर आली ते) ठरावीक अंशानं हलवायची आणि पडद्यावरचा ठिपका किती सरकला ते बघायचं. फेज म्हणजे वेळच, त्यामुळे किती मायक्रोमीटरला किती फेमटोसेकंद, हे तिथेच ठरतं.