माझदा कंपनीचा इतिहास काय आणि तिच्या गाडीवर भरवसा ठेवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नला शिकायला आलो आहे, वापरलेली गाडी घ्यायची आहे, जो तो ‘माझदा ३ घे’ म्हणतोय, पण भारतात या कंपनीची गाडी कधी पाहिलीच नाही, मग टोयोटा-होंडाइतका विश्वास टाकावा का?

भारतात माझदा पाहिली नाही, हे काही खरं नाही. तुम्ही कदाचित तिच्यात बसून शाळेतही गेला असाल. स्वराज माझदाची मिनीबस आठवते? १९८३ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो हा जपानी उद्योगसमूह यांनी मिळून ती कंपनी काढली, कारखाना पंजाबात रोपडजवळ. त्या काळात हलक्या ट्रकांसाठी अशा बऱ्याच सोयरिकी जमल्या होत्या : डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, आयशर मित्सुबिशी. त्यातली स्वराज माझदा रस्त्यावर बराच काळ टिकली. पुढे माझदा तिच्यातून बाहेर पडली, इसुझूचं नाव लागलं आणि २०२५ मध्ये महिंद्राने तिचा मोठा हिस्सा घेतला. शिवाय फोर्डची पहिली एन्डेव्हर भारतात आली तेव्हा तिच्या बॉनेटखालचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन मूळ माझदाचंच होतं. कार मात्र माझदाने भारतात कधी विकायला आणली नाही. वर्षाला जेमतेम बारा-तेरा लाख गाड्या विकणारी कंपनी आहे ती. टोयोटा कोटीच्या घरात खेळते. प्रत्येक बाजारात उतरणं तिला परवडत नाही.

वर सुमितोमो हे नाव आलंय ते लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

कंपनी हिरोशिमाची. सुरुवात १९२० ची, आणि धंदा बुचाच्या लाकडाचा! टोयो कॉर्क कोग्यो असं नाव होतं. दुसऱ्याच वर्षी सूत्रं आली जुजिरो मात्सुदा यांच्याकडे. कोळ्याच्या घरातला मुलगा, लहानपणी ओसाकाला जाऊन लोहारकाम शिकलेला. बुचात दम नाही हे ओळखून त्यांनी यंत्रं बनवायला घेतली आणि १९३१ मध्ये तीनचाकी मालवाहू गाडी काढली. तिच्यावर पहिल्यांदा ‘माझदा’ हे नाव आलं. पारशांच्या अहुर मज्दावरून घेतलेलं, आणि मालकाच्या आडनावाशी जुळणारंही.

६ ऑगस्ट १९४५ ला जुजिरोंचा सत्तरावा वाढदिवस होता. सकाळी लवकर न्हाव्याकडे जाऊन आले म्हणून ते वाचले, असं सांगतात. कारखाना अणुबॉम्बच्या स्फोटाच्या जागेपासून साधारण पाच किलोमीटरवर, आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी. त्यामुळे इमारती बऱ्यापैकी उभ्या राहिल्या. शहराच्या मध्यभागी काहीच उरलं नव्हतं, म्हणून हिरोशिमा प्रांताचं सरकारी कामकाज काही काळ याच कारखान्याच्या आवारातून चाललं. त्याच वर्षी डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बनायला लागल्या. हिरोशिमाच्या लोकांना ही कंपनी आपली वाटते, त्याचं मूळ इथे आहे. तिथल्या बेसबॉल संघाचं नाव आजही हिरोशिमा टोयो कार्प आहे. त्यातलं ‘टोयो’ म्हणजे कंपनीचं जुनं नाव.

आता रोटरी इंजिन. माझदाबद्दल दोन ओळी जरी कुणी लिहिल्या तरी त्यातली एक याच्यावर असते, आणि माझं मत जरा वेगळं आहे म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

१९६० च्या आसपास जपानच्या उद्योग खात्याला वाटायला लागलं की आपल्याकडे मोटारी बनवणारे फार झाले, छोट्यांनी मोठ्यांत विलीन व्हावं. माझदाने आपली पहिली छोटी कार, आर३६०, नुकतीच १९६० मध्ये काढली होती. गिळंकृत व्हायचं नसेल तर इतर कुणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे हवं, हे तेव्हाचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी ताडलं. जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडे फेलिक्स वांकेल यांचं हे नवं रोटरी इंजिन होतं. १९६१ मध्ये त्याचा परवाना घेतला.

या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नसतात. साधारण त्रिकोणी आकाराचा रोटर एका फुगीर, मध्ये किंचित दबलेल्या कोठडीत फिरतो, आणि त्याच्या तीन बाजूंना एकाच वेळी हवा ओढणं, दाबणं, पेटवणं, बाहेर फेकणं यातलं काही ना काही चालू असतं. इंजिन लहान, हलकं, आणि चालतं असं की थरथर नाही. अडचण कोपऱ्यांची. रोटरच्या तिन्ही टोकांना एकेक पट्टी असते, अपेक्स सील. ती कोठडीच्या भिंतीला सतत घासत फिरते. सुरुवातीच्या इंजिनांत या पट्ट्या थरथरून भिंतीवर ओरखडे उठायचे. हिरोशिमातल्या अभियंत्यांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हटलं. केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांचा गट यावर बसवला होता. यामामोतो हे टोकियोच्या विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकी शिकलेले, पण युद्धानंतर याच कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स जोडण्यापासून त्यांनी नोकरी सुरू केली होती. शेवटी कार्बनमध्ये अॅल्युमिनियम मुरवून केलेल्या पट्टीने काम भागलं. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. पुढच्या वर्षी जर्मनीत नुरबुर्गरिंगवर ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरवल्या, त्यातली एक चौथी आली. म्हणजे इंजिन टिकतं हे दाखवून झालं.

आणि मूळ मालक? एनएसयूने त्याच वर्षी रो ८० ही सुंदर गाडी काढली, तिची इंजिनं धडाधड बसली, बदलून देता देता कंपनी खचली आणि फोक्सवॅगनच्या पोटात गेली. जनरल मोटर्सनेही परवाना घेतला होता, त्यांनीही नाद सोडला. माझदा तेवढी चिकटून राहिली.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची जरा कमी सांगितली जाते. यश मिळाल्यावर माझदाने जवळजवळ प्रत्येक गाडीत रोटरी घातलं, अगदी पिकअप आणि छोट्या बसमध्येसुद्धा. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. रोटरीची तहान सगळ्यांना माहीत होती, त्यात अमेरिकेच्या सरकारी चाचणीचे आकडे फारच वाईट आले. तिथली विक्री कोसळली, न विकलेल्या गाड्यांचा साठा पडून राहिला आणि कंपनी बुडायच्या बेताला आली. तेव्हा वाचवलं कुणी? वर आलेल्या त्याच सुमितोमो समूहाच्या बँकेने. बँकेची माणसं येऊन बसली, १९७७ मध्ये मात्सुदा घराण्यातल्या कोहेई मात्सुदांना अध्यक्षपद सोडावं लागलं. कामगारांना काढलं नाही, पण कारखान्यातली माणसं देशभरातल्या शोरूममध्ये गाड्या विकायला पाठवली. आयुष्यभर पाना धरलेल्या माणसाने दारोदार जाऊन गाडी खपवायची! १९७९ मध्ये फोर्डने सुमारे पाव हिस्सा घेतला. आणि खरा पैसा आणला तो १९८० च्या फॅमिलिया या साध्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकने. जपानचा ‘कार ऑफ द इयर’ हा पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला मान तिलाच मिळाला.

म्हणून मी म्हणतो, नाव रोटरीने केलं, पोट मात्र साध्या गाड्यांनी भरलं. आरएक्स-७ या रोटरीवाल्या स्पोर्ट्स कारची पोस्टर लावणाऱ्यांना हे आवडत नाही.

फ्रान्समधल्या ल मान्स शर्यतीचं मात्र सांगायलाच हवं. १९९१ ची २४ तासांची शर्यत माझदाच्या ७८७बी ने जिंकली. ५५ नंबरची गाडी, नारिंगी-हिरवा रंग, चार रोटरचं इंजिन, आणि त्याचा तो किंचाळणारा आवाज. व्हिडिओ सापडतील, हेडफोन लावून ऐका. ती शर्यत जिंकणारी ही पहिली जपानी कंपनी, दुसरी म्हणजे टोयोटा थेट २०१८ मध्ये. शेवटच्या फेऱ्या मारणारा जॉनी हर्बर्ट इतका थकला होता की बक्षीस घ्यायला मंचावरही जाऊ शकला नाही. ‘माझदा जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ते खरं नाही. साडेतीन लिटरच्या पिस्टन इंजिनांचा नियम त्या विजयाच्या आधीच ठरलेला होता. उलट त्या वर्षी माझदाच्या लोकांनी वाटाघाटी करून आपली गाडी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा बरीच हलकी ठेवायची परवानगी मिळवली होती. विजयात इंजिनाइतकाच त्या चतुराईचा वाटा.

त्याच सुमारास कंपनीने मोठी घोडचूक केली. जपानमध्ये पैशाचा पूर आलेला. माझदाला वाटलं आपण टोयोटासारखी पाच वेगवेगळ्या नावांची दुकानं उघडू. युनोस, ऑटोझाम, अँफिनी वगैरे. फुगा फुटला, दुकानं बुडाली. १९९६ मध्ये फोर्डने हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस यांना अध्यक्ष केलं. जपानी मोटार कंपनीच्या प्रमुखपदी परदेशी माणूस बसण्याची ती पहिली वेळ. १९८९ ची एमएक्स-५ ही दोन आसनी उघडी गाडी या सगळ्या पडझडीतून तरली. २०१६ मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

२००८ च्या मंदीत फोर्डलाच पैशाची चणचण भासली. हिस्सा विकत विकत २०१५ पर्यंत ते पूर्ण बाहेर पडले. एकट्या पडलेल्या माझदाने पुन्हा इंजिनावरच डाव लावला, पण या वेळी शहाणपणाने. सगळे हायब्रिडच्या मागे असताना त्यांनी साध्या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १४:१ पर्यंत नेलं. तेव्हा इतरांची इंजिनं दहा-अकराच्या आसपास असायची. हे स्कायअॅक्टिव्ह तंत्र पूर्णपणे घेऊन २०१२ मध्ये सीएक्स-५ आली आणि कंपनीचे दिवस फिरले. २०१७ मध्ये टोयोटाने सुमारे पाच टक्के हिस्सा घेतला. अमेरिकेत अलाबामात दोघांचा सामायिक कारखाना आहे.

आता नावलौकिक. माझदाची ख्याती तुम्ही कुठे आणि कुठल्या सालाबद्दल विचारता यावर बदलते. खुद्द जपानमध्ये एके काळी ‘माझदा नरक’ असा शब्दच होता. नवी गाडी भरघोस सवलतीत मिळायची, विकायला गेलं की कवडीमोल. फक्त माझदाचा विक्रेताच बरा भाव द्यायचा, म्हणजे पुन्हा माझदाच घ्या. स्कायअॅक्टिव्हनंतर त्यांनी सवलती आवरल्या तेव्हा हे हळूहळू सुटलं. कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये विचाराल तर पहिला शब्द येईल गंज. २००० नंतरच्या काही वर्षांच्या माझदा ३ आणि ६, बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फार लवकर सडल्या. अमेरिकेत २०२० साली कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठीच्या मासिकाच्या विश्वासार्हतेच्या यादीत माझदा सगळ्यांच्या वर होती, टोयोटाच्याही. आणि इथे ऑस्ट्रेलियात २०११ आणि २०१२ मध्ये सगळ्यात जास्त खपलेली गाडीच माझदा ३ होती. म्हणून तुम्हाला जो तो तिचं नाव सांगतोय. प्रत्येक गल्लीत ती उभी असते, सुटे भाग कुठेही मिळतात आणि कुठल्याही मेकॅनिकला ती पाठ असते.

डाग नाहीत असं नाही. २०२४ मध्ये जपानमध्ये प्रमाणपत्राच्या चाचण्यांतला घोळ बाहेर आला, त्यात टोयोटा, होंडा, सुझुकी यांच्याबरोबर माझदाही होती, आणि दोन मॉडेलांचं उत्पादन थांबवावं लागलं.

तुमच्यासाठी मी काय करीन? २०१४ किंवा नंतरची माझदा ३, दोन लिटर पेट्रोल, सर्व्हिस बुक पूर्ण असलेली. मीही तीच चालवतो. स्टिअरिंग छान आहे, मागची सीट अडचणीची आहे, आणि हायवेला टायरचा आवाज कॉरोलापेक्षा जास्त येतो. ट्रायलला फक्त गल्लीत फिरवू नका, फ्रीवेवर न्या म्हणजे कळेल. २.२ चं डिझेल स्वस्तात दिसलं तरी घेऊ नका, कॉलेज-घर अशा छोट्या फेऱ्यांनी त्यात काजळी साचते. विकणाऱ्याकडून रोडवर्दी सर्टिफिकेट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला मागा, आणि गाडीवर कुणाचं कर्ज नाही ना हे पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत तपासा. आणि आरएक्स-८ या रोटरीवाल्या गाडीवर मन गेलं, जाईलच कारण भाव मोहात पाडणारा असतो, तर रोटरी जाणणाऱ्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका. ती चालवणाऱ्याला पेट्रोलबरोबर इंजिन ऑइलही सतत बघावं लागतं, कारण सीलना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन मुळातच थोडं ऑइल जाळतं. विद्यार्थ्याच्या खिशाला ती गाडी झेपणार नाही.