मुलांना रॉक कॉन्सर्टला न्यायचं का? आधी तिकिटावरची जागा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. मुलीला बँडची सगळी गाणी पाठ आहेत. नवरा म्हणतो दोघांनाही नेऊ, सासूबाई म्हणतात लेकरांच्या कानांचं वाटोळं होईल, आणि तिकीट विकणाऱ्यांनी फोनवर सांगितलंय की "मुलं चालतात". हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. मुलीला न्या, पण खुर्चीच्या तिकिटावर आणि कानांवर इअरमफ (दोन्ही कान झाकणारी जाड आवरणं) चढवून. मुलाला नेऊ नका. स्टँडिंगचं, म्हणजे स्टेजसमोर उभं राहायचं, तिकीट फुकट मिळालं तरी घेऊ नका. आणि त्या फोनवरच्या उत्तरावर अजिबात विसंबू नका. मी कानांची डॉक्टर नाही आणि कार्यक्रम भरवणारीही नाही, तेव्हा मुलीला कानाचा, दम्याचा किंवा फिट्सचा काही त्रास असेल तर माझं बाजूला ठेवून तिच्या डॉक्टरांना विचारा.

आमची थोरली तेव्हा तुमच्या मुलीएवढीच होती. तिकीट काढायच्या आधी मीही फोन केला होता. तिचं वय सांगितलं, आम्ही दोघं सोबत असू हे सांगितलं, आणि आम्हाला स्टेजसमोरचा उभं राहायचा भाग हवाय हेही सांगितलं. पलीकडच्या बाईंनी स्क्रीनवरचं वाचून दाखवलं: सर्व वयोगटांना प्रवेश, लहान मुलांसोबत पालक आवश्यक. झालं, तिकिटं घेतली. दारात पोहोचल्यावर कळलं की "सर्व वयोगट" फक्त खुर्च्यांच्या भागात. खाली उभ्याच्या भागात चौदा वर्षांच्या आतलं कुणीही नाही, आईवडील सोबत असले तरी नाही. हा नियम तिकीट विकणाऱ्यांचा नव्हता, कार्यक्रम भरवणाऱ्यांचाही नव्हता. तो त्या जागेच्या मालकांचा होता आणि त्यांच्याच नियमावलीत लिहिलेला होता. आम्ही ज्या पानावरून पैसे भरले तिथे त्याचा मागमूसही नव्हता.

दारावरचा मुलगा सभ्य होता, त्याचा काही दोष नाही. मी म्हटलं, खुर्च्या द्या, वरचे पैसे भरते. त्याने खिडकीकडे पाठवलं. खिडकीवाल्यांनी सांगितलं, तिकीट आमच्याकडचं नाही, हेल्पलाइनला फोन करा. हेल्पलाइन संध्याकाळी बंद. तेवढ्यात आत पहिलं गाणं सुरू झालं, आणि माझी लेक बाहेरच्या भिंतीला कान लावून ते कुठलं गाणं आहे हे मला सांगत उभी राहिली. तिघंही घरी परत आलो.

त्यानंतर जो पत्रव्यवहार झाला त्याची आठवण झाली की अजून डोकं तापतं. पहिलं उत्तर: अटी मान्य करूनच खरेदी झालेली आहे. मी लिहिलं, तुमच्याच माणसाने हो म्हटलं होतं. उत्तर आलं की फोनवरची माहिती केवळ मार्गदर्शनापुरती असते. फोन लावताना "हा कॉल रेकॉर्ड होत आहे" असं ऐकवतात ना, ते रेकॉर्डिंग मागितलं तर म्हणे ते ग्राहकाला देता येत नाही. भरवणाऱ्यांनी विकणाऱ्यांकडे बोट दाखवलं, विकणाऱ्यांनी जागेच्या मालकांकडे, आणि शेवटी एक दिवस "आपली तक्रार बंद करण्यात आली आहे" असा निरोप आला. बंद कुणी केली, का केली, काही नाही. पैसे गेले ते गेलेच. मुलीने आईने "जायचं" म्हटल्यावर ते खरं मानलं होतं, आणि तिला बंद दारातून परत यावं लागलं, हे मला आजही खुपतं. ज्यांच्या एका बेफिकीर "हो"वर हे घडलं त्यांना त्याची फिकीर नव्हती.

म्हणून हे नक्की करा. विकणारे, भरवणारे आणि जागेचे मालक हे तीन वेगळे पक्ष असतात हे ध्यानात ठेवा, आणि दारावर चालतो तो बहुतेक वेळा जागेचाच नियम. त्यांना ईमेल करा. "मुलं चालतात का" असं मोघम विचारू नका. अमुक तारखेचा कार्यक्रम, अमुक भाग, अमुक रांग, मुलीचं वय इतकं, दारावर प्रवेश मिळेल ना, असं विचारा. त्याच ईमेलमध्ये आणखी विचारून घ्या: इअरमफ आत नेता येतात का, बॅग केवढी चालते, मध्येच बाहेर पडलं तर परत घेतात का (बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत), आणि मुलांना घेऊन बसता येईल अशी शांत जागा आहे का. उत्तर आलं की त्याची छापील प्रत सोबत ठेवा, कारण गर्दीत नेटवर्क गेलं की फोनमधला ईमेल उघडत नाही. आठवण करूनही उत्तर आलं नाही, तर मी तिकीट काढणार नाही. मला कुणी अतिसावध म्हटलं तरी चालेल.

आता कान. इथे सासूबाईंचं बरोबर आहे.

रॉक कॉन्सर्टचा आवाज सर्रास १०० डेसिबलच्या आसपास असतो, स्पीकरजवळ त्याहून वर. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा धरते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. म्हणजे दोन तासांच्या कार्यक्रमात उघड्या कानांवर दिवसाच्या मर्यादेच्या आठपट मारा होतो. आणि हा हिशेब मोठ्या माणसांच्या नोकरीसाठी केलेला आहे, आठ वर्षांच्या मुलीसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक काढलं, त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. शांत जागा आणि कानांचं संरक्षण उपलब्ध असावं हेही त्यात आहे. जागेच्या मालकांना ईमेल कराल तेव्हा या मानकाचा उल्लेख जरूर करा, प्रश्नाला वजन येतं.

कानाच्या आतल्या ज्या केसांसारख्या पेशी आवाज टिपतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहते, दडे बसल्यासारखं वाटतं, आणि सकाळपर्यंत उतरलं म्हणजे काही झालं नाही असं आपण धरतो. तो कानाने दिलेला इशारा असतो. "रॉकवाले कुठे एवढं बघतात" असं म्हणणाऱ्यांना सांगा की एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ साली दौरा अर्ध्यावर सोडावा लागला, कारण पूर्ण बहिरेपण येईल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. द हू या बँडचा पीट टाउनशेंड तर आपल्या गेलेल्या कानांबद्दल कित्येक वर्षं जाहीरपणे बोलतोय.

लहान मुलांना डोक्यावरून पट्टा येणारे, दोन्ही कान पूर्ण झाकणारे इअरमफच घ्या. फोमचे बोळे लहान कानात नीट बसत नाहीत, आणि अगदी लहान मूल ते तोंडात घालू शकतं. विमानात वापरतात ते नॉइज कॅन्सलिंग हेडफोन यासाठी नव्हेत. ते एकसुरी घरघर कमी करायला केलेले असतात, कॉन्सर्टचा दणका झेलायला नाही. खोक्यावर २५ चा आकडा असेल तर २५ डेसिबल कमी होतात असंही समजू नका. इअरमफच्या बाबतीत त्या आकड्यातून पाव भाग वजा करा असं नायॉशच सांगते, फोमच्या बोळ्यांसाठी तर निम्मा. म्हणजे २५ चे १९ उरले, आणि चश्म्याची काडी, जाड वेणी किंवा टोपी मध्ये आली की तेवढेही नाहीत. मुलीला चश्मा असेल तर घालून बघाच.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. इअरमफ खालच्या सुरांना, म्हणजे बेस आणि मोठ्या ड्रमला, सगळ्यात कमी अडवतात. तो धक्का छातीत जाणवतो आणि मुलं बहुधा त्यालाच घाबरतात. म्हणून आधीचे काही दिवस घरी इअरमफ घालून गाणी ऐकायची सवय लावा. जी मुलगी घरी पंधरा मिनिटांत ते काढून फेकते, ती तिथेही फेकणार, आणि तसं असेल तर या वर्षी जाऊ नका हे माझं स्पष्ट मत.

जागा कुठली? बाजूची किंवा मागची, रांगेच्या कडेची, बाहेर पडायच्या दाराजवळची. एकट्या स्पीकरपासून मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात. मोठ्या कार्यक्रमात टांगलेल्या स्पीकरच्या रांगा असतात, तिथे कमी उतरतात, आणि बंद सभागृहात भिंतींमुळे आणखी कमी. तेव्हा मागे बसलो म्हणजे इअरमफ नको असं नाही. आवाज मोजायला नायॉशचं आयफोनसाठीचं ॲप फुकट आहे. एकदा बघा आणि फोन खिशात टाका, नाहीतर सगळा कार्यक्रम आकडे बघण्यात जातो.

स्टँडिंगबद्दल एवढी ताठर का, तर १९७९ साली सिनसिनाटीला द हूच्या कार्यक्रमाच्या दारात रेटारेटी होऊन ११ जण गेले. २०२१ साली ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड संगीत महोत्सवातल्या गर्दीत १० जण गेले, त्यातला सगळ्यात लहान नऊ वर्षांचा होता आणि वडिलांच्या खांद्यावर बसलेला होता. तो रॅपचा कार्यक्रम होता, पण गर्दीला काय त्याचं. दाटलेल्या गर्दीत माणूस आपल्या मर्जीने हलू शकत नाही, आणि मुलाचं तोंड मोठ्यांच्या छातीच्या उंचीला असतं. वडील कितीही दणकट असले तरी त्यांचा इथे इलाज चालत नाही. तुमच्या यजमानांना हे जरूर वाचून दाखवा. आमच्या दारावरचा तो चौदा वर्षांचा नियम, खरं सांगायचं तर, योग्यच होता. तो आधी सांगितला नाही याचा राग आहे.

बसल्या बसल्या दुसरं दार कुठे आहे ते मुलीला दाखवून ठेवा. २००३ साली ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नाइटक्लबला स्टेजवरच्या फटाक्यांनी आग लागली आणि १०० माणसं गेली. बरेच जण ज्या दाराने आत आले होते त्याच दाराकडे धावले आणि तिथेच अडकले.

लुकलुकणारे दिवे हा विषय घरात कुणाला फिट्स येत असतील तर खास महत्त्वाचा. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी लुकलुक काहींना त्रास देते, आणि हा त्रास मुलांत आणि किशोरवयात जास्त दिसतो. तसं झालं तर नुसते डोळे मिटून भागत नाही, एका डोळ्यावर तळहात घट्ट ठेवून तिथून बाहेर पडायचं. दमा असेल तर स्टेजवरच्या धुरासाठी पंप खिशात. शिव्या असलेली गाणी, दारू पिऊन नाचणारे लोक याबद्दल मी काही लिहीत नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पाणी, जाकीट हेही तुम्हाला ठाऊक आहेच.

वेळेचं मात्र सांगते. तिकिटावरची वेळ बहुधा दारं उघडायची असते. मग आधीचा बँड, मग सामान लावणं, आणि मुख्य बँड येईस्तोवर मूल पेंगायला लागतं. सेटलिस्ट डॉट एफएम या साइटवर त्याच दौऱ्यातल्या आधीच्या कार्यक्रमांत कुठली गाणी कुठल्या क्रमाने झाली ते सापडतं. तिचं आवडतं गाणं शेवटी असेल तर दुपारी झोपवून न्या आणि आधीचा बँड सोडून द्या. कुठल्या गाण्याला स्टेजवर ज्वाळा किंवा स्फोट आहेत हे आधीच्या कार्यक्रमांच्या व्हिडिओत दिसतं, ते तिला आधी दाखवा. मनगटावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. आणि निघण्याआधी नवराबायकोने ठरवून टाका की मुलगी "जाऊया" म्हणाली की कोण उठणार. तिथे बसून "अजून एकच गाणं" अशी घासाघीस करायची नाही.

चार वर्षांच्याबद्दल नवरोबांचं म्हणणं असेल की तो मांडीवर झोपून जाईल. झोपला तरी कान झोपत नाहीत, इअरमफ सरकला तर तो सांगणार नाही, आणि त्याला घेऊन एकाला बाहेर पडावं लागलं तर मुलीचा निम्मा कार्यक्रम ताणात जातो. त्याला आजीकडे ठेवा. सासूबाईंचं निम्मं म्हणणं मान्य केलंत तर उरलेल्या निम्म्याला त्या अडवणार नाहीत असं मला वाटतं. त्याच्यासाठी त्याच संध्याकाळी घरी त्याच बँडची गाणी लावा, आवाज बेताचा, आणि उड्या मारायला पलंग मोकळा ठेवा.

तुम्ही कुठल्या भागाची तिकिटं बघताय ते लिहिलं नाहीत. आसनांचा नकाशा बघून रांग सांगा, म्हणजे दारं आणि स्पीकर कुठे येतील ते बघून सांगते. पण आधी तो ईमेल पाठवा.