डिसेंबरअखेर कॅरिबियन: बीच नंतर निवडा, आधी शिक्क्याची तारीख बघा

‘आईबाबा पुण्याहून आलेत, न्यू जर्सीची थंडी त्यांना सोसत नाही, नाताळच्या सुट्टीत बार्बाडोस किंवा अरुबाला न्यायचा विचार आहे. आमचे एच-१बी, एच-४ चे स्टॅम्प संपलेत पण नवीन ७९७ हातात आहे, चालेल ना?’ असं तुम्ही विचारलंय. आतापर्यंत सगळ्यांनी हॉटेलंच सुचवली आहेत. शेवटच्या वाक्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही, आणि आमचं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाही चालणार. एच-१बी म्हणजे नोकरीचा व्हिसा, एच-४ त्याच्या कुटुंबाचा. ७९७ म्हणजे अमेरिकेत राहण्याची मंजुरी मिळाल्याचा कागद, आणि स्टॅम्प म्हणजे आत येण्यासाठी पासपोर्टवर लागणारा व्हिसा. हे तुम्हाला माहीत असणारच, जास्त शिरत नाही. घोळ होतो तो ‘ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन’ नावाच्या सवलतीमुळे. तीस दिवसांच्या आतली सहल आणि आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) चालू असेल तर संपलेल्या स्टॅम्पवरही अमेरिकेत परत येता येतं, असं जो तो सांगतो. खरं आहे, पण एच-१बी आणि एच-४ वाल्यांना ते फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरतं. कॅरिबियन बेटांवरून तसं परत यायची मुभा एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आहे, त्यातही क्यूबा सोडून.

आम्हाला हे एका ट्रॅव्हल एजन्सीने बरोबर उलटं सांगितलं. नाव घेत नाही. मी फोनवर विचारलं नव्हतं, समोर बसून पासपोर्ट उघडून दाखवला होता. टेबलावरच्या बाईंनी व्हिसाचं पान बघितलं, संपल्याच्या तारखेवर पेनाचं टोक ठेवलं आणि म्हणाल्या, ‘तीस दिवसांच्या आत येताय ना परत? मग काही लागत नाही. आमचे सगळे क्लायंट असेच जातात.’ हे ‘सगळे क्लायंट’ म्हणजे स्प्रिंग ब्रेकला जाणारी युनिव्हर्सिटीची मुलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. एफ-१ वरची मुलं खरोखरच तशी जाऊन आली होती. नियम खोटा नव्हता, तो आमच्यासाठी नव्हता एवढंच.

वाचलो ते ऑफिसच्या कृपेने. परदेश प्रवासाचा फॉर्म भरला आणि कंपनीच्या वकिलाचं दोन ओळींचं उत्तर आलं: बार्बाडोसला जाता येईल, परतीच्या विमानात कुणी बसू देणार नाही. भारतीय पासपोर्टला बार्बाडोसचा पर्यटन व्हिसा लागत नाही, त्यामुळे जाताना कुठेच अडत नाही आणि म्हणूनच हा सापळा दिसत नाही. बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनला अमेरिकेचा दूतावास आहे, तिथे स्टॅम्पिंग करून घेऊ, असं कुणी सुचवलं तर तेही डोक्यातून काढा. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं सांगणं असं आहे की व्हिसाचा अर्ज स्वतःच्या देशात किंवा वास्तव्याच्या देशात करा. आपल्यासाठी त्याचा अर्थ मुंबई, दिल्ली, हैदराबाद वगैरे.

एजन्सीचा खरा रंग त्यानंतर दिसला. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली अट दाखवली: प्रवासाची कागदपत्रं ही प्रवाशाची जबाबदारी. हॉटेल नॉन-रिफंडेबल. विमानाच्या पैशांचं क्रेडिट मिळालं, पण ज्याच्या त्याच्या नावावर. आता जी माणसं थोड्याच महिन्यांत भारतात परत जाणार, त्या माझ्या आईवडिलांनी बार्बाडोसच्या विमानाचं क्रेडिट घेऊन करायचं काय, सत्यनारायण? मॅनेजरना भेटायला गेलं की ते ‘आत्ताच बाहेर पडले’. त्या टेबलावरच्या बाईंना तर असं काही बोलल्याचं आठवेच ना. क्रेडिट कार्ड कंपनीकडे तक्रार केली, तिथे तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही आणि अटींखाली सही आपलीच. आणि त्या नाताळला एजन्सीकडून सगळ्या कुटुंबाला शुभेच्छांची ईमेल आली, खाली बहामाच्या पॅकेजची जाहिरात.

तेव्हा माझं मत एकतर्फी आहे, तसंच समजून वाचा: अशा सहलीला एजंट नकोच. कुणाचे अनुभव चांगले असतील, असोत बापडे. घ्यायचाच असेल तर ‘एच-१बी, स्टॅम्प संपलेला, अमुक बेटावरून परत येता येईल का’ हे ईमेलवर विचारा आणि ईमेलवरच उत्तर मागा. मग बघा उत्तर येतं का ते.

अरुबाबद्दल वेगळं सांगतो. हवेच्या दृष्टीने बेट उत्तम, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला. पण अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथे अरुबाच्याच विमानतळावर होते. म्हणजे अधिकाऱ्याने अडवलं तर तुम्ही नेवार्कला नाही, अरुबातच अडकणार. बहामाच्या नासाऊलाही तेच.

आईबाबांचे बी-२ (पर्यटक) व्हिसा चालू असतील तर त्यांना अमेरिकेत परत येताना या स्टॅम्पची अडचण नाही. फक्त ‘बेटावर जाऊन आलं की त्यांना नव्याने सहा महिने मिळतात’ हा सल्ला कुणी दिला तर त्यावर परतीची तिकिटं ठरवू नका. जवळच्या बेटांवरची तीस दिवसांच्या आतली सहल असेल तर अधिकारी जुन्याच आय-९४ वर आत घेऊ शकतो.

(मी वकील नाही. नियम बदलतात. तुमच्या कंपनीच्या वकिलाला एक ईमेल टाका, त्याचे पैसे कंपनीच भरते.)

तर मग जायचं कुठे? आम्ही शेवटी पोर्तो रिकोला गेलो. अमेरिकेचाच प्रदेश असल्यामुळे आपण देश सोडतच नाही, स्टॅम्पचा प्रश्नच येत नाही. पासपोर्ट, ७९७ आणि आय-९४ ची प्रत तरीही जवळ ठेवा. नेवार्कहून थेट विमान, साधारण चार तास, घड्याळ हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या एक तास पुढे. डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, दुपारी २८-२९ अंश, रात्री बावीसच्या आसपास. सेंट थॉमस आणि सेंट जॉन ही व्हर्जिन बेटंही अमेरिकेचीच, समुद्र तिथला जास्त सुंदर, पण परत निघताना विमानतळावर सीबीपीची (अमेरिकेच्या सीमा-तपासणी खात्याची) तपासणी असते. कागद पूर्ण असतील तर काही होत नाही, तरी म्हाताऱ्या माणसांसमोर तो ताण कशाला? शिवाय तिथे गाडी रस्त्याच्या डावीकडून चालवायची आणि स्टिअरिंगही डावीकडेच. मी त्या वाटेला गेलो नाही.

एक फसगत टाळा. पोर्तो रिकोच्या राजधानीत, सान हुआनला पोचल्यावर तिथूनच सुटणाऱ्या क्रूझच्या जाहिराती दिसतात, चार बेटं दाखवून परत आणतात. मोह होतो. पण ते जहाज देशाबाहेर जातं, म्हणजे परतताना पुन्हा तोच स्टॅम्प. मायामीहून निघून मायामीलाच येणाऱ्या क्रूझचंही तेच.

मुक्काम घेताना समुद्र दिसतो का हे नंतर विचारा, आधी जनरेटर किंवा बॅटरी आहे का आणि पाण्याची टाकी आहे का हे विचारा. तिथली वीजव्यवस्था २०१७ च्या मारिया वादळापासून जी खिळखिळी झाली ती धड सावरलेली नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला पहाटे जवळजवळ अख्ख्या बेटाची वीज गेली होती. वडिलांचं सीपॅप मशीन (झोपेत श्वासासाठीचं) किंवा फ्रिजमधलं इन्सुलिन असेल तर हा प्रश्न चैनीचा राहत नाही.

पोहण्याबाबत: हिवाळ्यात उत्तर किनाऱ्यावर अटलांटिकच्या मोठ्या लाटा येतात. सान हुआनच्या हॉटेलांसमोरचा समुद्र फोटोत शांत दिसतो, तसा नसतो. आईबाबांना पाण्यात पाय बुडवून बसायचं असेल तर पूर्वेला लुकियोला न्या, प्रवाळाच्या आडोशामुळे तिथलं पाणी संथ असतं. एल युंकेचं जंगल त्याच वाटेवर आहे. सान हुआनच्या एल मोरो किल्ल्यासाठी मात्र गुडघ्यांचा विचार करा. दारापासून किल्ल्यापर्यंत भलंमोठं मैदान उन्हात ओलांडायचं, आत उतार आणि पायऱ्या. माझे वडील किल्ल्यात गेलेच नाहीत, त्या मैदानावर लोक पतंग उडवतात तेच बघत बसले आणि मांजा कसला वापरतात यावर अनोळखी माणसाशी खाणाखुणांनी बोलले.

सूक्ष्म जीवांमुळे रात्री चमकणारं खाडीचं पाणी बघायचं असेल तर अमावास्येच्या आसपासची तारीख धरा, चांदण्यात काही दिसत नाही. व्हिएकेसची खाडी सगळ्यात प्रसिद्ध, पण सेबाहून बोट पकडायची आणि रात्री तिथेच राहायचं, हे आईबाबांना घेऊन जिकिरीचं आहे. फाहार्दोला कयाक वल्हवावी लागते. नैऋत्येच्या ला पार्गेराला मोटरबोटीतून जाता येतं. चमक थोडी कमी, हाल पुष्कळ कमी.

शाकाहाराची चिंता सगळे करतात, एवढी गरज नाही. नाताळात घरोघरी होणारा ‘आरोस कोन गांदुलेस’ म्हणजे चक्क तुरीच्या हिरव्या दाण्यांचा भात. पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, म्हणून ‘सिन कार्ने, सिन हामोन’ हे शब्द पाठ करा आणि दोन्ही म्हणा, कारण नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं की हॅम चालतं असं समजतात. मोफोंगोतही (तळून कुटलेल्या कच्च्या केळ्याचा पदार्थ) तेच. तोस्तोनेस, म्हणजे कच्च्या केळ्याचे चेपून दोनदा तळलेले काप, बिनधास्त मागवा. कुकर आणि मुगाची डाळ आम्ही नेली होती, दोन्ही कामाला आलं.

परतताना सान हुआन विमानतळावर चेक-इनच्या आधी शेतीखात्याची बॅग तपासणी असते. यंत्रातून बॅग गेली की स्टिकर लावतात, तो नसेल तर विमानकंपनी बॅग घेत नाही. काही ताजी फळं चालतात, आंबा चालत नाही. सुट्टीत ती रांग लांब असते आणि बरेच जण आधी विमानकंपनीच्या रांगेत उभे राहून तिथून परत पाठवले जातात. व्हीलचेअर सांगितली असेल तर ती आणणाऱ्या माणसाला आधी याच रांगेत यायला सांगा.