कपाळावरचे कंगोरे आणि प्रमाण कथेचा प्रश्न

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’ या अंतराळातील विज्ञानकथेच्या मूळ मालिकेत क्लिंगॉन या लढवय्या जमातीची कपाळे माणसांसारखी सपाट आहेत, पुढे मात्र त्यांवर हाडांचे ठळक कंगोरे दिसतात. माझा धाकटा भाऊ म्हणतो, की ते आधीपासून तसेच होते आणि जुन्या भागांत केवळ रंगभूषेला पैसे नव्हते, असे समजून पुढे जावे. माझे म्हणणे असे, की पडद्यावर जे दाखवले ते त्या जगात घडले, म्हणून त्याचे कारणही त्या जगातच असले पाहिजे. कोणाचे बरोबर? (एक वाचक, सांगली)

उत्तर : १९९६ सालापर्यंत तुमचे बंधू बरोबर होते, असे म्हणता येईल. क्लिंगॉन प्रथम दिसले ते १९६७ साली, आणि तेव्हा सावळा रंग, मिशा व दाढी एवढ्यावरच त्यांची ओळख भागवलेली होती. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात हात सैल सोडून खर्च करता आला आणि कपाळावर कंगोरे उमटले. त्यानंतर १९९४ साली ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेत कोर, कोलोथ आणि कांग हे मूळ मालिकेतील तीन क्लिंगॉन परत आले. नट तेच, पात्रे तीच, पण कपाळे मात्र कंगोरेदार, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. निर्मात्यांना बंधूंचाच अर्थ अभिप्रेत असावा, असे मानायला हा पुरावा पुरेसा होता.

पण १९९६ साली मूळ मालिकेच्या तिसाव्या वर्षानिमित्त याच ‘डीप स्पेस नाइन’मधील पात्रांना भूतकाळात, १९६७ च्या एका भागातील चित्रीकरणातच, संगणकाच्या साहाय्याने नेऊन उभे केले गेले. तेथे त्यांच्यातला कंगोरेदार क्लिंगॉन वॉर्फ आणि सपाट कपाळाचे क्लिंगॉन एकाच उपाहारगृहात आले, सोबत्यांनी भुवया उंचावल्या, कोणी जनुकीय फेरफाराचा तर कोणी विषाणूचा तर्क केला, आणि वॉर्फने एवढेच सांगितले, की परक्यांशी आम्ही या विषयावर बोलत नाही. या एका वाक्याने तुमच्या बंधूंची वाट बंद झाली, कारण फरक कथेतील पात्रांनाच दिसला होता. माझ्या मते या प्रश्नाला आजवर मिळालेले सर्वांत चांगले उत्तर तेच आहे : विसंगती मान्य केली, तिच्यावर हसूही घेतले, आणि वॉर्फचा ताठ स्वभावही त्यातून दिसला.

दुर्दैवाने तेथे कोणी थांबले नाही. २००५ साली ‘एंटरप्राइज’ मालिकेच्या जोडभागात दोन्ही तर्क एकत्र बांधले गेले. जनुकीय सुधारणा केलेल्या माणसांचा डीएनए वापरून क्लिंगॉन शास्त्रज्ञ आपले योद्धे अधिक बलवान करू पाहतात, त्यातून साथ पसरते, आणि तिच्यावर मिळालेला उपाय जीव वाचवतो पण कपाळ सपाट ठेवून जातो. रचना चतुर आहे, हे नाकारता येत नाही. परंतु एका अभिमानी जमातीचा चेहरा माणसांच्या जनुकांचा दुष्परिणाम ठरला, ही किंमत मला जास्त वाटते. शिवाय एवढे करूनही प्रश्न मिटला नाही. मूळ मालिकेच्या दहा वर्षे आधी घडणाऱ्या, २०१७ साली सुरू झालेल्या ‘डिस्कव्हरी’त क्लिंगॉन पुन्हा कंगोरेदार, आणि पहिल्या पर्वात तर टक्कलही पडलेले!

तेव्हा कथेतील कारण मागण्याचा तुमचा हक्क मी मान्य करतो, पण प्रत्येक ठिकाणी तो बजावू नये, अशी विनंती आहे. १९८२ च्या चित्रपटात खान हा खलनायक जहाजावरच्या चेकॉव्ह या अधिकाऱ्याला ओळखतो, वास्तविक खानच्या १९६७ च्या भागात चेकॉव्ह नव्हताच, कारण तो दुसऱ्या पर्वात आला. तो तेव्हा जहाजावर दुसऱ्या कोठल्या तरी कामावर होता, असे चाहत्यांनी ठरवले. हे ठिगळ कोणाला टोचत नाही. उलट, सुरुवातीच्या एका भागात जहाजाचा कप्तान कर्क याच्या थडग्यावर ‘जेम्स आर.’ कोरले आहे आणि पुढे तो ‘जेम्स टी.’ झाला, ती निव्वळ चूक आहे आणि तिला चूक म्हणण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : मग कादंबऱ्या प्रमाण, म्हणजे त्या जगात खरोखर घडलेल्या, मानाव्यात का? (एक विद्यार्थी, डोंबिवली)

उत्तर : ‘स्टार ट्रेक’पुरता सर्वसाधारण दंडक असा, की मालिका व चित्रपट प्रमाण, छापील कथा नाहीत. मात्र ही सीमाही हलते. १९७३-७४ ची ॲनिमेशन मालिका बराच काळ उंबरठ्याबाहेर ठेवली गेली होती, तरी कर्कच्या नावातील ‘टायबेरियस’ तिच्यातूनच आले आणि १९९१ च्या चित्रपटात उच्चारले गेल्यावर पक्के झाले.

‘स्टार वॉर्स’मध्ये हा निवाडा एका झटक्यात झाला. एप्रिल २०१४ मध्ये ते चित्रपट काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने तोवरच्या बहुतेक सर्व कादंबऱ्या व चित्रकथा ‘लेजेंड्स’ या नावाखाली बाजूला काढल्या. टिमथी झान यांनी १९९१ च्या कादंबरीत निर्माण केलेला सेनापती थ्रॉन त्यामुळे एका रात्रीत अप्रमाण झाला, आणि २०१६ साली ‘रेबेल्स’ या ॲनिमेशन मालिकेतून पुन्हा प्रमाण झाला. त्याची जुनी कादंबरी मात्र आजही ‘लेजेंड्स’मध्येच आहे, थ्रॉन समजून घ्यायचा असेल, तर आधी तीच वाचा.