अमेरिकेतलं छोटं कॉलेज की नावाजलेलं विद्यापीठ?

मुलीला पदवीसाठी अमेरिकेत कुठे पाठवावं, असं तुम्ही विचारलंय. तिला फिजिक्स आवडतं, पण इकॉनॉमिक्सही सोडवत नाही. मिडवेस्टमधलं (अमेरिकेचा उत्तर-मध्य भाग) एक छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज निम्म्याहून जास्त खर्च उचलायला तयार आहे. नावाजलेल्या सरकारी विद्यापीठातही प्रवेश मिळालाय, पण तिथला सगळा पैसा तुमचा. घरचे म्हणतात, नाव महत्त्वाचं, नागपुरातला मनीषनगरचा फ्लॅट तारण ठेवू. माझं मत विचाराल तर तिला छोट्या कॉलेजात पाठवा.

मीही नागपूरचीच, प्रतापनगरची, आणि अशाच एका कॉलेजातून शिकलेय. मी निघाले तेव्हा शेजारच्या काकू आईला म्हणाल्या होत्या, "सायन्सच्या पोरीले आर्ट्सले कायले पाठवून राहिले हो?" हा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे. लिबरल आर्ट्स म्हणजे आपली कलाशाखा नव्हे. तिथे फिजिक्स, गणित, तत्त्वज्ञान सगळं एका छताखाली असतं आणि मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा असतो. माझी पदवीसुद्धा 'फिजिक्समध्ये बीए' अशी आहे. तुमच्या मुलीचं मन दोन विषयांत आहे, तिला ही मोकळीक फार उपयोगी पडेल.

पहिल्या सत्रात मेकॅनिक्सच्या पेपरात मला १०० पैकी ४१ मिळाले. बारावीपर्यंत मी पहिल्या तिघांत असायचे, त्यामुळे रात्रभर झोपले नाही. पेपरच्या कोपऱ्यात सरांनी लिहिलं होतं, गुरुवारी ४ वाजता ये. गेले, तर त्यांनी हातात खडू दिला आणि म्हणाले, बोलत बोलत सोडव. मी शिकवणीच्या सवयीने धडाधड सूत्रं मांडली. त्यांनी सगळं पुसलं. म्हणाले, आज एकही सूत्र लिहायचं नाही, फक्त कोणतं बल कुठून लागतंय त्याचे बाण काढ. एका उतारावरच्या ठोकळ्याचे बाण नीट काढायला मला पाऊण तास लागला. मग सत्र संपेपर्यंत दर गुरुवारी जात होते. वर्गात आम्ही १४ जण होतो, म्हणून हे शक्य झालं.

अशा कॉलेजांत बहुधा पीएचडीचे विद्यार्थी नसतात, त्यामुळे प्रयोगशाळेतलं खरं काम पदवीच्या मुलांकडे येतं. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात लेझरचे आरसे मीच जुळवत होते.

माझा आतेभाऊ मोठ्या विद्यापीठात गेला. हुशारीत तो माझ्यापेक्षा वरचढ. पण पहिली दोन वर्षं तो ३०० जणांच्या हॉलमध्ये बसला, शंका सोडवायला पीएचडी करणारी मुलं. पुढे पीएचडीच्या अर्जासाठी तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं हवी होती, आणि त्याला चेहऱ्याने ओळखणारे प्राध्यापक एकच होते. त्याचं एक वर्ष गेलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

"पण नाव?" हे घरचे विचारणारच. त्यांना थॉमस चेक यांचं उदाहरण द्या. १९८९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्यांपैकी ते एक. पदवी आयोवा राज्यातल्या ग्रिनेल या अशाच छोट्या कॉलेजची, पीएचडी बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची. २०२०च्या नोबेल विजेत्या जेनिफर डाउडना पदवीला पोमोना या अशाच छोट्या कॉलेजात होत्या, नंतर हार्वर्डला गेल्या. मोठं नाव पुढच्या पदवीला घेता येतं, आणि अमेरिकेत सायन्सच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असून वर विद्यावेतन मिळतं.

छोट्या कॉलेजाच्या अडचणी आहेतच. वरच्या पातळीचे काही कोर्स दोन वर्षांतून एकदाच लागतात. मोठ्या कंपन्या कॅम्पसवर कमी येतात. गाव रात्री नऊला सामसूम होतं, आणि ४५ अंशांत वाढलेल्या पोरीला उणे २५ची थंडी पहिल्या वर्षी रडवते. पदवीनंतर लगेच भारतात नोकरी करायची असेल तर कॉलेजचं नाव प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. तिला ठामपणे इंजिनीअरिंगच करायचं असतं, तर मी मोठं विद्यापीठ सांगितलं असतं.

पैशांबाबत दोन गोष्टी लेखी विचारा. मदत चारही वर्षं मिळणार का, आणि फी वाढली तर मदतही वाढणार का. शिवाय पदवीनंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच मिळणारी कामाची परवानगी) १२ महिने काम करता येतं, स्टेम विषय (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) असेल तर आणखी २४. फिजिक्स स्टेममध्ये येतं. इकॉनॉमिक्सचं मात्र कॉलेजने तो कोर्स सरकारी यादीतल्या कोणत्या विषय-कोडखाली नोंदवलाय यावर ठरतं.

प्रवेश घेणार की नाही, हे बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत कळवायचं असतं. त्याआधी मुलीलाच, तुम्ही नव्हे, दोन्हीकडच्या फिजिक्स विभागप्रमुखांना मेल लिहू द्या: पहिल्या वर्षी मला कोण शिकवणार, वर्गात किती जण असणार, आणि प्रयोगशाळेत मी केव्हापासून काम करू शकेन? उत्तर कोणाकडून आलं आणि काय आलं, ते इथे नक्की कळवा.