बोस्टनच्या शाळा: एका आईचं लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न छोटा होता. बोस्टनला नोकरी मिळाली आहे, मुलगी सहा वर्षांची आहे, तर शहरात राहून तिथल्या सरकारी शाळेत घालावी की उपनगरात घर बघावं? एकटं वाटतं का, हेही विचारलंत. शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीत, ‘तिथले सुपरिंटेंडंट सारखे बदलतात म्हणे, त्याने मुलांना काय फरक पडतो?’ सुपरिंटेंडंट म्हणजे शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांचे प्रमुख. त्या ओळीमुळे लिहायला बसले.

पत्त्याचे पुरावे किती लागतात, नोंदणी कुठे करायची, हे तुम्हाला अधिकृत ठिकाणी मिळेल. तिथे लिहिलेलं नसतं ते सांगते. भारतातून निघण्याआधी लशींचा कागद डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या, आणि त्यात महिना अक्षरांत हवा. 2011 मध्ये आम्ही आलो ते दुसऱ्या एका शहरात. मुलाला तेरा महिन्यांचा असताना, 5 ऑगस्टला लस दिली होती. कार्डावर 5/8 होतं. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून शाळेतल्या बाईंनी ते 8 मे वाचलं. मे महिन्यात तो दहा महिन्यांचा, म्हणजे लस वर्षाच्या आत दिलेली, म्हणजे अमान्य. मी तीन वेळा समजावलं. शेवटी पोराला परत टोचलं, आणि तोवर शाळेचे अकरा दिवस बुडाले. अजून आठवलं की जीव तळमळतो.

त्याच शाळेत घरच्या भाषेचा फॉर्म भरला. मी ‘मराठी’ लिहिलं, मग त्याची इंग्रजीची चाचणी झाली. पोरगा मुळात बुजरा, अनोळखी बाईंपुढे तोंड उघडेना. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात गेला, ते ठीकच होतं. पण तिथल्या एका शिक्षिकेने मला सांगितलं, घरी इंग्रजीतच बोला, नाहीतर हा मागे पडेल. आणि मी ऐकलं. मराठी शाळेत शिकलेली मी, वर्षभर माझ्या लेकराशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलले. आज तो एकोणीस वर्षांचा आहे. आजीचं सगळं समजतं त्याला, उत्तर मात्र इंग्रजीत देतो.

2013 च्या उन्हाळ्यात बोस्टनला आलो. मुलगी पुढे तिथेच बालवर्गात गेली. तिच्या शिक्षिकेने पहिल्याच भेटीत विचारलं, ‘तुम्ही घरी गोष्टी कोणत्या भाषेत सांगता? त्याच भाषेत सांगत राहा.’ मी घरी येऊन रडले. या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2002 मध्ये मतदारांनी द्विभाषिक शिक्षण जवळजवळ बंद करून टाकलं होतं, आणि 2017 च्या कायद्याने ती वाट पुन्हा मोकळी केली. मधल्या पंधरा वर्षांतही या बाईंनी आपलं शहाणपण सोडलं नव्हतं. अशी माणसं टिकतात कशी, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आता तुमची शेवटची ओळ. माझी आई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली की नवा उपक्रम यायचा, त्याची नवी वही यायची, जुनी वही कपाटात जायची. पाच-सहा वह्यांनंतर आईने मनापासून भरणं सोडलं. बोस्टनमध्ये मला तीच कपाटं आठवायची.

या शहराने एकदा वेगळं करून दाखवलं आहे. सुपरिंटेंडंट नेमते ती इथली शाळा समिती 1992 पासून लोकांतून निवडून येत नाही, तिचे सात सदस्य महापौर नेमतात. टॉम मेनिनो वीस वर्षं महापौर होते, आणि त्यांच्या काळात टॉम पेझंट 1995 ते 2006 अशी अकरा वर्षं सुपरिंटेंडंट राहिले. काम दिसायला साधं होतं: सगळ्या शाळांत वाचन-लेखन शिकवण्याची एक पद्धत, आणि ती शिक्षकांच्या हाती बसावी म्हणून शाळेत जाऊन त्यांच्यासोबत काम करणारे प्रशिक्षक. 2003 मध्ये नव्या शिक्षकांना अनुभवी शिक्षकाच्या वर्गात वर्षभर घडवणारा कार्यक्रम सुरू झाला. 2006 मध्ये शहरी शाळांसाठीचं ब्रॉड पारितोषिक बोस्टनला मिळालं. सगळं सुधारलं असं कोणी म्हणू नये, काळ्या आणि लॅटिनो मुलांच्या निकालातली दरी राहिलीच. पण एक वही अकरा वर्षं उघडी राहिली. शिक्षकांना उद्याही हेच असणार याची खात्री असली की ते जीव ओततात, हे मी आईच्या उलट अनुभवावरून सांगते.

आम्ही तिथे सहा वर्षं होतो. तेवढ्यात जॉन मॅकडोना हंगामी, मग टॉमी चँग, मग लॉरा पेरिल पुन्हा हंगामी, आणि आम्ही निघालो तेव्हा ब्रेंडा कॅसेलियस येत होत्या. त्याही 2022 मध्ये गेल्या.

डिसेंबर 2017 चं सांगते. चँग यांच्या काळात शाळांच्या वेळा बदलायचं ठरलं. मोठ्या मुलांना सकाळची झोप हवी, हे कारण खरं होतं. एमआयटीच्या संशोधकांनी गणित मांडून वेळापत्रक केलं. त्यात कितीतरी लहान मुलांच्या शाळा भल्या सकाळी भरून दुपारी लवकर सुटणार होत्या. नोकरदार आईबाप पेटून उठले. मीही थंडीत फलक धरून उभी होते, घसा बसेपर्यंत ओरडले. त्याच महिन्यात योजना मागे घेतली गेली, आणि पुढच्या वर्षी चँग मुदत संपायच्या आधी गेले. आम्ही जिंकलो म्हणून घरी जिलेबी केली होती मी. आज वाटतं, आम्हाला विचारून, दोन वर्षं घेऊन ते केलं असतं तर त्या मोठ्या मुलांना झोप मिळाली असती. आणि मीही थांबून त्यांच्याबद्दल एक प्रश्न विचारायला हवा होता. माझा मुलगा तीनच वर्षांत त्यांच्यातला होणार होता.

2019 मध्ये आम्ही उपनगरात आलो. मुलगा सातवी संपवून आठवीत जाणार होता, पुढची प्रवेश परीक्षा, सोडत, याची धास्ती घेतली मी. बोस्टनच्या शाळांचा पट 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नव्वद हजारांवर होता. 1974 मध्ये न्यायालयाने वर्णभेद मोडायला मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठवायचा आदेश दिला आणि हजारो गोरी कुटुंबं निघून गेली. आज पट पन्नास हजारांच्या आत आहे. त्या लोकांबद्दल वाचून मला राग यायचा. आम्ही वेगळ्या कारणाने निघालो, पण निघालो. सुपरिंटेंडंट टिकत नाहीत म्हणून तक्रार करणारी मीच सहा वर्षांत सामान बांधलं.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. पहिले दोन हिवाळे जड जातात, मग जातात.

तर मी असते तुमच्या जागी तर शहरात राहिले असते. शाळा सोडतीने मिळते, घराजवळचीच मिळेल असं नाही. निकालाचे आकडे बघा, पण मुख्याध्यापक किती वर्षं त्याच शाळेत आहेत हे आधी विचारा. 2022 मध्ये राज्य सरकार या शाळा ताब्यात घेता घेता थांबलं, सुधारणेचा करार झाला. तेव्हापासून मेरी स्किपर सुपरिंटेंडंट आहेत. त्या याच शहरात पूर्वी एका शाळेच्या संस्थापक प्रमुख होत्या, म्हणून मला आशा आहे. समिती निवडून यावी असा कौल 2021 मध्ये लोकांनी मोठ्या बहुमताने दिला, पण 2023 मध्ये नगर परिषदेने केलेला तसा ठराव महापौर मिशेल वू यांनी नाकारला. त्यावर माझं मत अजून पक्कं नाही. मेनिनो-पेझंट जोडी नेमणुकीमुळेच टिकली, पण त्या डिसेंबरमध्ये आमचं ऐकायला निवडून आलेलं कोणीतरी तिथे हवं होतं.

समितीच्या बैठका बुधवारी संध्याकाळी असतात. मी अजून घरून बघते, बोलायचा हक्क आता नाही वाटत. तुम्ही गेलात तर बोला.

आणि भाषेच्या फॉर्मवर मराठीच लिहा. चाचणी होईल, होऊ दे. घरी कोणी काही सांगितलं तरी लेकीशी मराठीतच बोला.