लॉट घ्या म्हणतात, घेऊ का?

प्रश्न: भाऊ नमस्कार. नागपुरात मानेवाड्याला माझं छोटंसं गॅरेज आहे, हाताखाली दोन पोट्टे. इथलं एक शोरूम बंद होऊन राह्यलं, कधीकाळी ते फियाटच्या गाड्या विकायचे, तर त्यांच्या वर्कशॉपमधले जुने स्पेशल टूल विकायला काढलेत. सगळे बोर्डावर टांगलेले, काही तर पॅकिंगमधून निघालेच नाहीत. मॅनेजर म्हणतो सुटं देणार नाही, पूर्ण लॉट उचला, सोबत टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना) आणि गाडीतले बिघाड वाचायच्या स्कॅनरचा लॅपटॉप पण आहे. तिकडे कबाडी वजनावर न्यायला तयार बसलाय. माझ्याकडे फियाट महिन्यातून एखादी येते, बाकी स्विफ्ट डिझेल, व्हिस्टा आणि जुनी फिगो. मग फियाटचे टूल घेऊन करू काय? — एक वाचक, मानेवाडा

उत्तर: भाऊ, बोनेटवरचा लोगो बघू नका, खालचं इंजिन बघा. फियाटचं 1.3 मल्टिजेट डिझेल इंजिन तुमच्याकडे रोज येऊन राह्यलंय, फक्त नाव बदलून. मारुतीने त्यालाच डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट, आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिआ सगळ्यांत तेच बसवलं. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल बंद केलं खरं, पण विकलेल्या गाड्या कुठं गेल्या? रिंगरोडवर उभं राहून बघा. म्हणजे पुंटोसाठी आलेली कॅम लॉक करायची पिन आणि फ्लायव्हील लॉक करायची पिन तुमच्या स्विफ्टला चालते. व्हिस्टाचं मात्र आधी विचारून घ्या, टीडीआय असेल तर ते टाटाचं जुनं इंजिन, तिथं यातलं काही लागत नाही. आणि फिगो डिझेलचं तर सगळंच वेगळं, चेन नाही बेल्ट आहे, तिच्या पिना तिच्याच.

पण म्हणून पिनांसाठी लॉट घेऊ नका. हे इंजिन इतकं चाललं की टायमिंगचं किट, म्हणजे कॅम आणि क्रँकचा मेळ बसवायच्या याच पिनांचा संच, बाहेर नवीन मिळतं, त्याचा भाव आधी काढा आणि जुन्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नका. खरा माल बाहेर मिळत नाही तो, गिअरबॉक्सचे सील बसवायचे ड्रायव्हर, बुश काढायचे पुलर, इंजेक्टर ओढायचं टूल. आपल्याकडे इंजेक्टर जाम झाला की पोट्टे छन्नी घालून हाणतात अन् मग हेडच काढायची वेळ येते, ते टूल एकटं पूर्ण लॉटचे पैसे फेडू शकतं.

बघताना हातात घेऊन बघा, बोर्डावर टांगलेलं सगळंच छान दिसतं. पुलरच्या स्क्रूवर नट हाताने फिरवून न्या, पहिले दोन-तीन आटे चपटे झालेले असले की तो नट तिथंच अडकतो, असला पुलर जोर लावल्यावर आटे सोडणारच. सील ड्रायव्हरच्या काठावरून नख फिरवा, नख अडकलं म्हणजे तिथं बर, म्हणजे धातूची धारदार कड, आलीय आणि ती नव्या सीलचं ओठ कापेल, ऑइल गळत राहील आणि गिऱ्हाईक शिव्या तुम्हाला देईल. लॉकिंग पिनचं टोक बघा, कुणीतरी पिन आत असतानाच बोल्ट सोडला असेल तर टोक वाकलेलं नाहीतर मुरडलेलं असतं, ती फेकायची. ढिल्या पिनेवर टायमिंग बांधलं आणि चुकलं तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. टूलवर नंबर कोरलेला असतो तो लिहून घ्या, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या नंबरावरून कळतं टूल कशाचं आहे, नाहीतर घरी आणल्यावर अर्धे तुकडे कशाचे हेच समजत नाही.

टॉर्क रेंच क्लिकवाला, म्हणजे ठरवलेला जोर आला की टक् वाजणारा, असेल तर किती आकड्यावर ठेवलाय बघा. वापरून झाल्यावर तो सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा असतो, बंद वर्कशॉपात तो 100 वर तसाच महिनोन् महिने पडलेला असला तर स्प्रिंगचा भरवसा नाही. आयएसओ 6789 या टॉर्क रेंचच्या मानकाप्रमाणे बारा महिन्यांनी किंवा 5000 वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, कॅलिब्रेशन करायचं असतं, म्हणजे आकडा बरोबर आहे का ते तपासून घ्यायचं. तो खर्च भावातून कापा. हायड्रॉलिक पुलर किंवा प्रेस असेल तर सील नवीन टाकायचे धरूनच चला, आपल्या 45 डिग्रीत टिनाच्या शेडखाली रबर काय टिकणार.

लॅपटॉपला शून्य रुपये धरा. कंपनीचं स्कॅनर सॉफ्टवेअर डीलरच्या लायसन्सवर चालतं, डीलर बंद म्हणजे ते आज ना उद्या बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी विचारत नाही. वर्कशॉपची मशिनरी बऱ्याचदा बँकेकडे तारण असते. कर्ज थकलेलं असेल तर तो माल मॅनेजरला विकताच येत नाही, बँक सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली लिलाव लावते, आणि तुम्ही रोख देऊन उचललेला माल परत मागायला माणूस येतो. म्हणून तारण आहे का ते विचारा, असेल तर बँकेची एनओसी मागा, आणि बिल डीलरच्या नावाचं, जीएसटी नंबरासकट, टूलच्या यादीसकट घ्या. कच्च्या चिठ्ठीवर नको.

भावाचं म्हणाल तर कबाडी जो वजनाचा आकडा बोलला तो तळ धरा. जागा खाली करायची तारीख जवळ आली की मॅनेजर नरमतोच. ओळखीचे दोन गॅरेजवाले सोबत घ्या, वाटून घ्या, उरलेलं लोखंड इतवारीत लोहा ओळीला, लोखंडाच्या बाजारात, विकून टाका.

प्रश्न: माझ्याकडे शेव्हरोले ऑप्ट्रा आहे, फार जीव आहे गाडीवर. एकाकडे डीलरचा टेक 2 स्कॅनर, गाडीला लावून बिघाडाचे कोड वाचायचा, मिळून राह्यला. घरी ठेवायला घेऊ का? — एक वाचक, धरमपेठ

उत्तर: शेव्हरोलेची कंपनी जीएमने (जनरल मोटर्स) 2017 मध्ये भारतात विक्री बंद केली, त्यामुळे असा स्कॅनर हाताशी असणं वाईट नाही. लॅपटॉपवाल्यांपेक्षा हा बरा, हातात धरायचा डबा, कोड वाचायला आणि लाइव्ह डेटा बघायला इंटरनेट लागत नाही. पण त्याच्या आत 32 एमबीचं कार्ड असतं आणि कोणती गाडी बोलेल ते कार्डावर ठरतं, ओपेलचं वेगळं, साबचं वेगळं, इसुझुचं वेगळं. चुकीचं कार्ड असलं तर तुमची ऑप्ट्रा त्याच्या मेन्यूत दिसणारच नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, प्रोग्रॅमिंगला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, ती आशा सोडा. बाजारात याच्या कॉप्या पण भरपूर आहेत. तेव्हा गाडी घेऊन जा, तिथंच लावून बघा, इंजिनचा आणि असला तर एबीएसचा डेटा आला तरच पैसे काढा. विकणारा म्हणाला की केबल घरी राहिली, तर तुम्ही पण घरी या.